३५०० किलोमीटरची शिक्षा

तुरुंग उघडला म्हणून कुणी सुटकेचा निःश्वास टाकेल का? ग्रीनलँडमध्ये असं घडलंय. २०१९ मध्ये तिथे पहिला बंदिस्त तुरुंग सुरू झाला आणि कित्येक वर्षं परमुलखात असलेल्या माणसांना घराच्या दिशेने वाट मिळाली...

परवा लंच अवरला मी टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो टाकला. खडकाळ उतार, त्यावर पायऱ्यापायऱ्यांनी खाली येणाऱ्या काँक्रीटच्या आणि गंजक्या रंगाच्या पोलादी इमारती, मोठाल्या खिडक्या, पलीकडे बर्फ आणि समुद्र. कॅप्शन मुद्दामच दिली नाही. पाच मिनिटांत रिप्लाय सुरू! ‘‘कुठलं रिसॉर्ट गं?’’ ‘‘पर नाइट किती?’’ एकीने तर ‘‘हनिमूनसाठी सेव्ह केलं’’ म्हणून हार्टही पाठवलं. मग मी लिहिलं, ‘‘तुरुंग आहे. नूक, ग्रीनलँड.’’ ग्रुपवर दोन मिनिटं शांतता आणि नंतर ती ठरलेली कॉमेंट, ‘‘असा तुरुंग असेल तर मी आजच बॉसचा खून करतो!’’

हसलो सगळे. परदेशी वेबसाइट्सवरही या इमारतीबद्दल ‘हा तुरुंग की रिसॉर्ट’ छापाच्या चर्चा बऱ्याच झाल्या. पण मला या गोष्टीत खिडक्यांपेक्षा पत्ता जास्त इंटरेस्टिंग वाटला. कारण हा तुरुंग उभा राहीपर्यंत ग्रीनलँडमधल्या गंभीर गुन्हेगारांचा पत्ता ग्रीनलँडमध्ये नव्हताच. तो होता डेन्मार्कमध्ये. म्हणजे समुद्रापलीकडे, सुमारे ३५०० किलोमीटर दूर. मुंबई-दिल्ली हवाई अंतराच्या तिप्पट!

तुरुंगाशिवायचा मुलूख

ग्रीनलँड म्हणजे जगातलं सर्वांत मोठं बेट. आकार भारताच्या जवळपास दोन-तृतीयांश, पण माणसं किती? जेमतेम ५७,०००. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर अख्खं ग्रीनलँड बसवलं तरी खुर्च्या उरतील. त्यातली २०,००० च्या आसपास माणसं एकट्या नूकमध्ये, म्हणजे राजधानीत. दोन गावांना जोडणारे रस्तेच नाहीत. या गावातून त्या गावात जायचं तर विमान, हेलिकॉप्टर किंवा बोट.

१७२१ पासून डेन्मार्कचा इथे वावर. १९५३ पर्यंत ही डेन्मार्कची वसाहत होती, मग ती डेन्मार्कचाच एक भाग झाली. १९७९ मध्ये अंतर्गत कारभार आणि २००९ मध्ये त्याहून मोठी स्वायत्तता मिळाली. पण पोलीस, कोर्ट आणि तुरुंग ही खाती आजही डेन्मार्ककडेच आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९४८-४९ मध्ये डॅनिश कायदेतज्ज्ञांची एक टीम ग्रीनलँडला गेली. इथली माणसं आपापसातले गुन्हे कसे निस्तरतात, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी जे पाहिलं त्याच्या आधारावर १९५४ चा फौजदारी कायदा तयार झाला. आणि हा कायदा वाचताना मी खरंच चाट पडले. अमुक गुन्ह्याला तमुक वर्षं, असा तक्ताच नाही! आधी बघायचं की, हा माणूस कोण, त्याचं काय बिघडलंय आणि तो पुन्हा समाजात कसा रुळेल. समज, दंड, देखरेख, सक्तीचं काम अशा पायऱ्या. तुरुंगवास हा शब्दच गायब. खालच्या कोर्टात निवाडा करायला बसणारे लोकही गावातलेच, कायद्याची डिग्री नसलेले, थोडं ट्रेनिंग घेतलेले.

यामागे भाबडेपणा नव्हता, तर हिशेब होता. शिकारीवर जगणाऱ्या छोट्या वस्तीत एक धट्टाकट्टा शिकारी वर्षानुवर्षं डांबून ठेवला तर उपाशी कोण राहणार? त्याचीच बायकापोरं आणि शेजारीपाजारी. शिवाय आज ना उद्या तो त्याच वस्तीत परतणार, त्याच चार घरांमध्ये राहणार. मग त्याला माणसांतून उठवून फायदा काय?

पुढे १९६० च्या दशकात नूकमध्ये दोषी ठरलेल्यांसाठी पहिली संस्था निघाली, नंतर इतर गावांतही. पण त्या ‘खुल्या’. सकाळी कैदी बाहेर पडणार, गावात नोकरी करणार, रात्री परत येणार आणि दार बंद. देखरेखीखाली, हातात बंदूक घेऊन शिकारीला जाण्याची मुभासुद्धा! कैद्याच्या हातात बंदूक, हे ऐकून आपल्याकडच्या जेलरला घेरीच येईल. पण तिथे शिकार म्हणजे पोट, आणि पोट भरायचं कसब माणसाने विसरू नये, असा साधा विचार.

ऐकायला किती मस्त वाटतं ना? तुरुंगच नसलेला मुलूख!

पण एक बारीक अक्षरातली अट होती.

‘आउटसोर्स’ केलेली माणसं

खुल्या संस्थेत ठेवता येणार नाही, असा माणूस असला तर? खून, बलात्कार, पुन्हा पुन्हा हिंसा. बाहेर सोडणं धोक्याचं, असं कोर्टाला वाटलं तर? अशा माणसाला विमानात बसवून डेन्मार्कला पाठवलं जायचं. कोपनहेगनच्या पश्चिमेला हेर्स्टेडव्हेस्टर नावाची संस्था आहे. १९३५ मध्ये सुरू झालेली, गुन्हेगारांवरच्या मनोविकार उपचारांसाठी जगभर गाजलेली. उपचार उत्तम, तज्ज्ञ उत्तम. फक्त सगळं काही डॅनिश.

आपल्या भाषेत सांगायचं तर ग्रीनलँडने आपला अवघड भाग आउटसोर्स केला होता. नाही, थोडं चुकतंय. ग्रीनलँडने केला असं म्हणता येणार नाही, कारण खातं डेन्मार्कचं होतं. डेन्मार्कने तो स्वतःच्या सोयीच्या ऑफिसात हलवला होता, एवढंच.

हा आकडा कधीच मोठा नव्हता. एका वेळी साधारण दोन डझनांच्या आसपास माणसं. पण ५७,००० च्या वस्तीत दोन डझन म्हणजे दोन डझन ओळखीची घरं.

आता अंतर म्हणजे नेमकं काय, ते बघू. मी एकदा प्रोजेक्टसाठी सात महिने युरोपात ऑनसाइट होते. पहिला महिना एकदम झकास. फोटो, फेसबुक, चीज, चॉकलेट. तिसऱ्या महिन्यात मात्र दिवसभर इंग्रजी बोलून जबडा दुखायला लागला. मी ऑफिसातून रूमवर पोहोचेपर्यंत मुंबईत मध्यरात्र. आईला उठवायचं जिवावर यायचं. आजी आजारी पडली तेव्हा घरच्यांनी मला चार दिवसांनी सांगितलं, ‘‘उगाच तुला काळजी कशाला?’’ म्हणून. त्या चार दिवसांचा राग अजून आहे माझ्या मनात. आणि हे सगळं पगार घेऊन, स्वखुशीने, ड्रॉवरमध्ये परतीचं तिकीट असताना!

हेर्स्टेडव्हेस्टरमधल्या ग्रीनलँडच्या माणसांकडे ती परतीची तारीखच नव्हती. त्यातल्या बहुतेकांची शिक्षा अनिश्चित काळाची. म्हणजे ‘धोका संपला’ असं ठरेपर्यंत. धोका संपला की नाही, हे कोण ठरवणार? मानसोपचारतज्ज्ञ आणि कोर्ट. आणि तज्ज्ञाशी बोलायचं कोणत्या भाषेत? यांची भाषा कलालिसुत. एकेका लांबलचक शब्दात अख्खं वाक्य मावतं, अशी भाषा. डॅनिशशी तिचं दूरचंही नातं नाही. ज्याचं डॅनिश कच्चं, त्याने मनातलं गाठोडं दुभाष्यासमोर सोडायचं. विचार करा, आयुष्यातली सर्वांत लाजिरवाणी, सर्वांत काळी गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, आणि तीही तिसऱ्या माणसामार्फत. तुम्ही किती सांगाल? मी तर ‘सगळं ठीक आहे’ म्हणून गप्प बसेन. आणि गप्प बसणारा माणूस सुधारला, असं कुठला तज्ज्ञ लिहून देईल?

भेटीचं तर विचारूच नका. तेव्हा नूकहून कोपनहेगनला थेट मोठं विमान नव्हतं. आधी छोट्या विमानाने कांगेरलुस्सुआकला जायचं, तिथून मोठं विमान पकडायचं. नूकला मोठी विमानं उतरू शकतील असा विमानतळ सुरू झाला तो थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये. तिकिटाचा खर्च मच्छीमाराच्या घराला झेपणारा नव्हे. घड्याळात तेव्हा ४ तासांचा फरक. ग्रीनलँडमध्ये वाढदिवस, बाळाचा जन्म, शाळेचा पहिला दिवस, काहीही असलं की ‘काफेमिक’ असतं. घर उघडं, कॉफी-केक तयार, नातेवाईक-शेजारी दिवसभर येत-जात राहतात. पोरांची अशी कितीतरी काफेमिकं बापाशिवाय झाली असतील.

काळं पाणी, पण निकालपत्रात नसलेलं

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. ‘काळ्या पाण्याची शिक्षा’ हा शब्द मराठीत इतका मुरलाय की लांबच्या गावी बदली झाली तरी आपण तोच वापरतो. अंदमानात १८५८ मध्ये कैद्यांची वसाहत सुरू झाली आणि सेल्युलर जेलचं बांधकाम १९०६ मध्ये पूर्ण झालं. टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा झाली आणि ते १९१४ पर्यंत मंडालेत होते. इंग्रजांचा हिशेब सरळ होता. कैदी घरापासून, भाषेपासून, आपल्या माणसांपासून जितका लांब, तितकी शिक्षा कडक. अंतर हेच हत्यार.

ग्रीनलँडच्या बाबतीत असा दुष्ट बेत कुणी केला नव्हता. हे कैदी काही स्वातंत्र्यसैनिकही नव्हते. त्यांनी माणसांचे जीव घेतले होते, बायकांची आयुष्यं उद्ध्वस्त केली होती. त्यांना शिक्षा व्हायलाच हवी होती. पण निकालपत्रात ‘३५०० किलोमीटर’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. तो भाग फुकटात चिकटला होता, कारण जवळ जागा नव्हती म्हणून. त्याच डेन्मार्कच्या राज्यात कोपनहेगनमध्ये राहणाऱ्याने तोच गुन्हा केला, तर त्याची आई बस पकडून त्याला भेटायला जाऊ शकत होती. नूकच्या आईला ते शक्य नव्हतं. गुन्हा एकच, पण पत्त्यावरून शिक्षा वेगळी. मला बोचते ती ही गोष्ट.

एक रिपोर्ट, १० वर्षं

मग हे बदललं कसं? सरकारी स्पीडने! १९९४ मध्ये ग्रीनलँडच्या न्यायव्यवस्थेचा आढावा घ्यायला एक आयोग नेमला गेला. त्याचा रिपोर्ट आला २००४ मध्ये. पूर्ण दहा वर्षं. (आपल्या अप्रेझलला उशीर होतो म्हणून रडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) आयोगाचं म्हणणं असं की, ग्रीनलँडमध्येच बंदिस्त जागा बांधा आणि माणसं परत आणा. नवा फौजदारी कायदा १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. माणूस बघून शिक्षा ठरवायची, हा जुन्या कायद्याचा गाभा त्यातही बऱ्याच अंशी टिकवला.

इमारतीसाठी स्पर्धा झाली. २०१३ मध्ये श्मिट हॅमर लासेन आणि फ्रीस अँड मोल्टके या डॅनिश आर्किटेक्ट कंपन्यांनी ती जिंकली. सुमारे ८,००० चौरस मीटरचं बांधकाम, ७६ कैद्यांसाठी. त्यात ४० जागा बंदिस्त आणि ३६ खुल्या प्रकारच्या. इमारती एकाच ठोकळ्यात न बांधता उताराच्या कलाने विखुरल्या, एखाद्या छोट्या गावासारख्या. वर्कशॉप, अभ्यासाच्या खोल्या, लायब्ररी, व्यायामाची जागा. आणि हो, त्या खिडक्या. लांबलचक हिवाळा आणि बर्फ असलेल्या प्रदेशात दिवसाचा जेवढा उजेड मिळेल तेवढा आत घ्यायचा, हा त्यामागचा फंडा. २०१९ मध्ये दारं उघडली. मजा म्हणजे पाटीवर आजही ‘तुरुंग’ हा शब्द नाही. डॅनिशमध्ये नुसतं ‘आन्स्टाल्टेन’, म्हणजे ‘संस्था’.

बाकी जगाला या जागेचं नाव कळलं ते २०२४ मध्ये. व्हेलच्या शिकारीविरुद्ध लढणारे पॉल वॉटसन यांना २१ जुलैला नूकमध्ये अटक झाली. जपानला ते हवे होते. पाच महिने ते याच इमारतीत होते. १७ डिसेंबरला डेन्मार्कने प्रत्यार्पणाला नकार दिला आणि ते सुटले. त्या पाच महिन्यांत त्यांच्यासाठी मोहिमा निघाल्या, सह्या झाल्या, मुलाखती आल्या. चांगलंच झालं. मला फक्त एवढंच वाटलं, की नूकहून उलट्या दिशेने, कोपनहेगनकडे, अनेक दशकं माणसं जात राहिली. त्यांच्याबद्दल आपल्यापैकी कुणी कधी काही वाचलं होतं?

आणि भिंतही आली

आता दुसरी बाजू. ती नाही सांगितली तर ही स्टोरी आर्किटेक्टच्या ब्रोशरसारखी होईल.

पहिला प्रश्न, ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचं काय? ग्रीनलँडमध्ये हिंसाचाराचं आणि लैंगिक गुन्ह्यांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने डेन्मार्कपेक्षा कितीतरी जास्त आहे. नूक एवढंसं शहर. सुपरमार्केटच्या रांगेत तुमच्या पुढे कोण उभं असेल, सांगता येत नाही. ज्या बाईने भोगलंय तिला ‘तो ३५०० किलोमीटर लांब आहे’ यात शांत झोप मिळत असेल, तर तिला चूक कोण म्हणणार? जवळचा तुरुंग म्हणजे जवळचा गुन्हेगारसुद्धा. यावर सोपं उत्तर नाही. माझं मत विचाराल तर, तिची सुरक्षितता भिंतीची आणि कोर्टाच्या अटींची जबाबदारी आहे. ती भाषेच्या आणि समुद्राच्या गळ्यात मारणं म्हणजे पळवाट झाली. शिवाय तो कधी ना कधी सुटतोच. दहा वर्षं परक्या भाषेत घुसमटून सुटलेला माणूस तिच्या गावात परतला, तर तिला जास्त सुरक्षित वाटेल का?

दुसरा प्रश्न अवघड आहे. ज्या मुलखाने तुरुंगाशिवाय चालवून दाखवलं, तिथे आता पक्की कुलपं आणि भिंती आल्या. खोल्या तयार असल्या की त्या भराव्याशा वाटतात, हा जगभरचा अनुभव. शिकारीला जाणारा कैदी ही उद्या जुन्या काळातली गंमत होऊन बसेल का? ३६ खुल्या जागा त्याच आवारात आहेत, म्हणजे जुनी वाट बुजलेली नाही. पण ती वाट वापरात राहायला हवी.

तिसरं म्हणजे अंतर कमी झालं, संपलं नाही. नूक पश्चिम किनाऱ्यावर. पूर्व किनाऱ्यावरच्या तासिलाकमधल्या आईला मधला अख्खा हिमपठार विमानाने ओलांडूनच मुलाला भेटायला यावं लागतं. तिकडची बोलीही वेगळी. शिवाय ग्रीनलँडमध्ये तज्ज्ञ डॉक्टरांचा कायमचा तुटवडा आहे. बरेच जण डेन्मार्कमधून थोड्या मुदतीसाठी येतात आणि जातात. म्हणजे इमारत घरी आली, पण उपचाराच्या खोलीत पुन्हा दुभाष्याची खुर्ची लागू शकते. आणि सगळ्यात वरची किल्ली अजून कोपनहेगनच्या खिशात आहेच.

आकड्यांत

१९५४ : गुन्ह्यापेक्षा माणूस बघणारा ग्रीनलँडचा फौजदारी कायदा
१९९४-२००४ : आयोग आणि त्याचा रिपोर्ट
२०१० : नवा कायदा लागू
२०१३ : आर्किटेक्ट ठरले
२०१९ : नूकमधली नवी संस्था सुरू
७६ : एकूण जागा (४० बंदिस्त, ३६ खुल्या)

मग कमावलं काय?

आपल्याकडे जेलच्या भाषेत भेटीला ‘मुलाकात’ म्हणतात. नातेवाईक पिशवी घेऊन सकाळपासून गेटबाहेर उभे असतात, ते पंधरा-वीस मिनिटांसाठी. त्या रांगेकडे आपण गाडीच्या काचेतून बघतो आणि सिग्नल सुटला की विसरतो. पण तुरुंगातून सुटलेला माणूस शेवटी कुणाच्या दारात उभा राहतो? रांगेत उभ्या राहिलेल्या त्याच माणसांच्या. ती ओळख दहा-बारा वर्षं टिकवायची असेल तर पिशवी घेऊन येणाऱ्याला तिथपर्यंत पोहोचता आलं पाहिजे. एवढा साधा मुद्दा पटायला एका श्रीमंत, सुशिक्षित, कनवाळू म्हणवणाऱ्या राज्याला अर्ध्या शतकाहून जास्त काळ लागला.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही तुरुंगाबद्दल ‘फाइव्ह स्टार आहे’ किंवा ‘नरक आहे’ असं वाचलं, तर मी आधी खिडक्या नाही मोजणार. तिथल्या कैद्याच्या आईला भेटीला पोहोचायला किती वेळ लागतो आणि पोहोचल्यावर तिला तिच्या भाषेत बोलता येतं का, हे बघणार. नूकमध्ये राहणाऱ्या आईसाठी हे उत्तर २०१९ मध्ये बदललं. आता ती संध्याकाळच्या जेवणाच्या वेळेपर्यंत घरी परत येऊ शकते.